सिनेमा काया शे

एरंडोल सोडलं की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर इतके वरपर्यंत भरलेले असतात की दोन्ही बाजूंच्या फांद्या त्यांना ओरबाडून घेतात, आणि मग पौष सरेपर्यंत त्या काट्यांवर पांढरे पुंजके हलत राहतात. नवखा माणूस बसच्या खिडकीतून बघून म्हणतो, काय छान फुललंय. मीही पहिल्या वर्षी म्हटलं होतं. साताऱ्याकडून धुळ्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले होते, तेवीस वर्षांची होते, मला बाभळीलासुद्धा फुलं दिसायची. आता ते पुंजके दिसले की मी खिडकीची काच ओढून घेते.

आज बसमध्ये मांडीवर पिशवी आहे. पिशवीत शिंदखेड्याहून आलेली लग्नपत्रिका आणि पुठ्ठ्यात नीट घातलेलं एक चित्र. लग्न संगीताचं, निंबाभाऊंच्या मुलीचं. पत्रिकेच्या पाठीवर तिनं शाळकरी अक्षरात लिहिलंय, ‘बाई, तुम्ही माझ्या वडिलांना बघितलंय. लग्नाआधी मला एकदा त्यांचं तोंड बघायचंय. चित्र काढून आणा.’ इतकी सरळ मागणी. निंबाभाऊ गेले तेव्हा ही पोर दोन वर्षांची होती, घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आणि मी चित्रकलेची बाई. त्यांना एका हंगामात महिनाभर जवळून बघितलेली. वरवर बघता यात अवघड काय आहे?

तो हंगाम सतरा वर्षांपूर्वीचा. आमच्या शाळेसमोर हार्डवेअरचं दुकान असलेल्या मारवाडी शेटजींचा मुलगा, अविनाश, मुंबईहून सिनेमा शिकून धुळ्याला परतला होता. लहानपणापासून तो मुंबईला मामाकडेच वाढलेला, त्यामुळे धुळं त्याला माझ्याइतकंच परकं. कोणाकडून तरी त्यानं एक जुना कॅमेरा मिळवला होता. घड्याळासारखी चावी द्यायची, की तो अर्धा मिनिट कुरकुर करत चालायचा आणि थांबायचा. फिल्म काळी-पांढरी. आवाज नाही. त्याला असा सिनेमा करायचा होता ज्यात गोष्ट नसेल, नट नसेल, नुसतं काम करणारं शरीर असेल, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. मनगट. टाच. मानेची शीर. “चेहरा आला की लोक गोष्ट शोधायला लागतात, बाई,” तो म्हणायचा. “चेहरा काढून टाकला की हालचाल उरते.” मला ते फार पटायचं. मी स्वतः वर्गात हात वेगळा, पाय वेगळा, डोळा वेगळा असंच तर शिकवत होते. दुपारी शाळा सुटली की त्याच्या सायकलमागे माझी सायकल असायची, आणि गावात काय बोललं जातं याची मी मुळीच पर्वा करत नव्हते.

गावाबाहेरच्या एका जिनमध्ये त्याच्या वडिलांची ओळख होती, म्हणून आम्हाला आत सोडलं. आत गेलं की आधी काही दिसायचंच नाही. हवेत रुईचा धूर. बायकांच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, तरण्या पोरी म्हाताऱ्या दिसायच्या. प्रत्येकाला खोकला, तो यंत्रांच्या आवाजात ऐकू यायचा नाही, नुसते खांदे हललेले दिसायचे. मुकादम दुपारच्या पाळीला फाटकाशी माणसं मोजायचा तेव्हा म्हणायचा, “आज चार हात कमी शेतस.” आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. बघा, म्हणायचो, हा माणसाला माणूस म्हणत नाही, हात म्हणतो. आपण काय करायला आलोय ते तेव्हा ध्यानात येत नव्हतं.

निंबाभाऊ गाठी बांधायच्या प्रेसवर होते. लाकडी पेटीत रुई टाकत जायची आणि पेटीत उभं राहून ती पायांनी तुडवायची, हे त्यांचं काम. वरून बघावं तर पेटीच्या कडेवर छाती, खांदे आणि घट्ट धरलेले दोन हात. पाय रुईत गडप. पेटीचं दार उघडलं की खाली नुसते पाय. म्हणजे आम्ही कॅमेरा लावायच्या आधीच त्या माणसाचे दोन तुकडे झालेले होते. अविनाश ते बघून वेडा व्हायचाच बाकी होता.

पहिल्या दिवशी निंबाभाऊ नवा निळा सदरा घालून आले. गडद निळा, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. केसांना तेल. अविनाशनं सदरा काढायला सांगितला, कारण उघड्या पाठीवरचे स्नायू हवे होते. निंबाभाऊंनी काढला, नीट घडी करून खांबावरच्या खिळ्याला लावला आणि कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली.

“रंगीत शे का भाऊ?”

“नाही, ब्लॅक अँड व्हाइट.”

ते थोडा वेळ कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे सिनेमा काया शे.”

अविनाश उभ्याचा खाली बसला. त्यानं माझा हात धरला, तो पहिल्यांदाच. “ऐकलंत? सिनेमा काया आहे. सिनेमा म्हणजे काया! अहो, मी दोन वर्षं जे सांगायला शब्द शोधतोय, ते या माणसानं एका दमात सांगितलं.” मलाही अंगावर काटा आला. काया, माया असले शब्द ज्यांच्या भजनात आहेत ती माणसं असंच बोलणार, असं मी म्हटल्याचं चांगलं आठवतं. त्याच दिवशी सिनेमाचं नाव ठरलं, ‘काया’. निंबाभाऊंना सांगितलं तेव्हा ते बरं म्हणाले आणि पेटीत उतरले.

दिवाळीनंतरचा तो सगळा महिना अजून माझ्या कातडीवर आहे. सरकीचा तेलकट वास. दुपारी छपराच्या भोकांतून पडणाऱ्या उन्हाच्या काठ्या आणि त्यांत चढणारी रुई. निंबाभाऊंच्या टाचांना भेगा होत्या, उजव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं, डाव्या मनगटावर चटक्याचा लांबट डाग होता. पेटीतून वर येताना ते आधी उजवा कोपर टेकायचे. हे सगळं मी आजही डोळे मिटून काढून देईन. दिवसातून दोनदा तरी ते विचारायचे, “मन्हं तोंड ई का त्यामा?” म्हणजे त्यात माझं तोंड येईल का. अविनाश म्हणायचा, “कॅमेऱ्याकडे बघू नका, भाऊ.” ते बघायचे नाहीत. शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान फिरवून ठेवायचे.

एकदाच बघितलं. शेवटच्या आठवड्यात, पेटीतून बाहेर येताना. चावी संपत आलेली, आणि त्यांनी सरळ काचेत बघून तोंडभर हसून घेतलं. कॅमेरा थांबला. अविनाशनं कपाळावर हात मारला आणि पुढची चावी दिली.

फिल्म मुंबईला धुऊन आली आणि माझ्या भाड्याच्या खोलीत आम्ही ती जोडायला बसलो. ती ज्या जातीची फिल्म होती तिला वेगळी निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. एकच प्रत. कापलं की कापलं. माझा हात सरळ चालतो म्हणून कात्री माझ्याकडे होती. पट्ट्या चिकटवायच्या द्रवाच्या वासानं डोकं भणभणायचं आणि तरी मी एवढी सुखी कधीच नव्हते. हात, मग यंत्राचा दात, मग हात. टाच, रुई, टाच. चालणारा माणूस आम्ही असा मोडला की एक पाऊल टाकायला त्याला पडद्यावर दहा तुकडे लागत. एका तुकड्यात हात रुईत बुडतो आणि नाहीसा होतो. तो हात मात्र निंबाभाऊंचा नव्हता. त्या दिवशी ते आले नव्हते, म्हणून अविनाशनं स्वतःचा हात घातला आणि कॅमेरा मी धरला. कोणाला काय कळणार आहे?

ते हसू माझ्यासमोर आलं तेव्हा अविनाश खोलीत नव्हता. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण नंतर कित्येक वर्षं मी ते त्याच्या नावावर ढकलत होते. पट्टी बोटांत धरून उजेडासमोर केली, कुठून कापायचं ते बघितलं आणि कापली. बिघडलेला तुकडा. अविनाश आल्यावर त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “ठेवायचा होता का?” मीच म्हणाले, छे, गोष्ट होईल मग. मला माझं म्हणणं केवढं उंच वाटलं होतं.

कापलेले सगळे तुकडे बिस्किटाच्या डब्यात साठले होते. माघात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुलींना तोरणासाठी काहीतरी चमकदार हवं होतं. मी तो डबाच देऊन टाकला. मुलींनी पट्ट्या गोल वळवून त्यांची काळी फुलं केली, मधे कापसाचा गोळा, आणि रंगमंचावर माळ बांधली. तीन दिवस ती माळ झुलत होती. चौथ्या दिवशी शाळेच्या शिपायानं झाडून काढलं आणि मागच्या खड्ड्यात जाळलं. मुलींचं मी कौतुक केलं होतं, सुंदर दिसतंय म्हणून.

सिनेमा मुंबईत एका छोट्या मंडळात दाखवला. हात रुईत बुडतो त्या तुकड्याला सगळ्यांनी वाखाणलं. एक गृहस्थ म्हणाले, या हातात श्रमिकाचं सगळं आयुष्य आहे. अविनाशनं मला ते हसत सांगितलं, आणि मीही हसले.

चैत्रात, ऊन चढलेलं असताना, माझ्या दारात एक बाई उभी राहिली. कडेवर मूल, डोक्यावर पदर, कपाळ रिकामं. “सिनेमावाली बाई तुम्हीच का?” मी हो म्हटलं. “शिंदखेडाथीन उनू. संगीतानी माय शे मी.” शिंदखेड्याहून आलेली, एवढं कळलं; पुढे काही उमजेना. कोण संगीता? तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि हिनं तर तो गेल्यावरही घेतलं नाही. तिनं मूल खाली ठेवलं, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि माझ्या उंबऱ्यात उभी राहून पाय उचलू-टेकवू लागली. एक, दोन, एक, दोन. “कापूस तुडवेत ना, ते.”

मी क्षणात ओळखलं. हे चालणं मी महिनाभर कापत बसले होते.

“गयात ते,” ती म्हणाली. “पट्टामा हात सापडना.”

हंगाम संपता संपता, यंत्राचा निसटलेला पट्टा चालत्या चाकावर चढवताना हात त्यात सापडला होता. धुळ्याच्या दवाखान्यात दोन दिवस होते. त्याच गावात मी तेव्हा मुलींकडून हातापायांची रेखाटनं करून घेत होते आणि मला खबरही नव्हती. हिराबाई, हे तिचं नाव मला नंतर कळलं, आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरणार होती. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर पुजतात. तिला शेजारी ठेवायला फोटो हवा होता. लग्नात फोटो काढलेला नव्हता, फोटोची ओळखपत्रं तेव्हा यायची होती. “तुमना जोडे त्यासना फोटू शे म्हने. पोरले दखाडाले जोयजे. मोठी व्हयनी म्हंजे इचारी, बाप कसा व्हता?” ज्या पोरीला तो दाखवायचा होता ती माझ्या चपलेशी खेळत होती.

मी नाही म्हणू शकले नाही. सिनेमा दाखवते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी अविनाशनं प्रोजेक्टर आणला. भरदुपारी खिडकीला गोधडी बांधली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. हिराबाई पोरीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसली. तिनं सिनेमाचं नाव विचारलं. मी सांगितलं, ‘काया’.

“काया तं शेच,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “बठ्ठा कायाच दिखी ऱ्हायना. रंगीत व्हता तं त्यासना निया सदरा तरी दिखता.”

अहिराणीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, निळा म्हणजे निया, आणि काळा म्हणजे काया. इतकी साधी गोष्ट. धुळ्यात दोन वर्षं राहून मला माहीत नव्हती, अविनाशला नव्हती. सिनेमा काया शे, म्हणजे सिनेमा काळा आहे. नवा सदरा खिळ्याला टांगून माणूस हळहळला होता, आणि आम्ही त्याला तत्त्वज्ञ करून मोकळे झालो होतो. अंधारात अविनाशनं माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्याच्याकडे नाही.

पडद्यावर पाय आले. “त्यासनाच शेत,” हिराबाई पोरीला सांगू लागली. “देख, अंगठाना नख नही.” मनगट आलं. “तो चुल्हाना चटका. मीच हयद लायेल व्हती.” म्हणजे हळद तिनंच लावली होती. एकेक तुकडा येत होता आणि ती तो ओळखून बाजूला ठेवत होती, जणू दोरीवरून काढलेले कपडे. मग तो वाखाणलेला हात आला आणि रुईत बुडाला.

“हाऊ हात त्यासना नही,” ती लगेच म्हणाली. “कोना शे हाऊ?”

अविनाश प्रोजेक्टरमागून म्हणाला, “माझा.”

तिनं नुसती मान हलवली. तिला राग आला नाही, आला असता तर मला बरं वाटलं असतं. पट्टी फिरत राहिली. कोपर, रुई, टाच, दात, टाच. ती वाट बघत होती हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी तिनं मागे वळून मला विचारलं, “बाई, तोंड कव्हय ई?”

“येईल,” मी म्हणाले.

असं का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. सिनेमा तीन मिनिटं उरला होता आणि ती तीन मिनिटं ती पोरीची हनुवटी हातात धरून, तिचं तोंड भिंतीकडे वळवून बसली होती. मग पट्टी सुटली, भिंतीवर कोरा पांढरा उजेड पडला. तिला वाटलं आता येईल. ती त्या उजेडाकडे बघत राहिली. अविनाशनं दिवा बंद केला.

शेवटी आम्ही पट्टीतल्या एका चौकटीवरून स्टुडिओत फोटो करून घेतला. पेटीची कड धरलेला डावा हात, चटक्याचा डाग असलेला. तिनंच तो निवडला. मी फ्रेम करून दिली. नवसाला चांदीचे हातपाय वाहतात तसा तो हात त्यांच्या भिंतीवर गेला, मनगटाला गंध, फ्रेमला हार. अविनाश पावसाळ्याच्या आत मुंबईला निघून गेला. त्यानं कॅमेरा विकला असं ऐकलं. मी लग्न होऊन जळगावला आले. सिनेमाचा डबा माझ्या कपाटात आहे. उघडला की आंबलेला वास येतो, पट्टी आकसत चाललीय.

संगीताची पत्रिका आल्यापासून महिनाभर रोज सकाळी मी कागद घेऊन बसले. मनगट जमतं, टाच जमते, पाठ जमते. चेहऱ्याच्या जागी अंडाकृती रेघ काढून हात थांबतो. मी त्यांना महिनाभर कॅमेऱ्याच्या नजरेनं बघितलं आणि चौकटीत चेहरा येऊ नये म्हणून झटत राहिले. ते हसूसुद्धा मी बघितलं नव्हतं. फक्त कुठून कापायचं ते बघितलं होतं. मिशा होत्या का, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मग मी लबाडी केली. नाक संगीताचं घेतलं, ती मागच्या वर्षी भेटून गेली होती. कपाळ तेव्हा तिच्यासोबत आलेल्या तिच्या काकाचं. डोळे जिनमधल्या कुणाचे तरी. हसू माझ्या मनाचं. तुकडे जोडायची सवय होतीच.

धुळ्याला बस बदलली. शिंदखेड्याला पोचले तर दारात मांडव, पोरी हळद दळत बसलेल्या. संगीता धावत आली. पुठ्ठा उघडून तिनं चित्र दोन्ही हातांनी उचललं. मग नाकावरून बोट फिरवत म्हणाली, “माझं नाक यांच्यावर गेलंय, बाई. कोणी सांगितलंच नव्हतं मला.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या बाया जमल्या, अगं अगदी तुझ्यासारखेच, म्हणाल्या. मी रिकामा पुठ्ठा पिशवीत ठेवला. भिंतीवर तो हात होता.

हिराबाई आतून ओले हात पुसत आली. केस पार पिकलेत. पोरीनं चित्र तिच्यासमोर धरलं. तिनं पदरानं हात कोरडे केले, चित्र उजेडाकडे नेलं, माझ्याकडे बघून मनापासून हसली.

“चांगलं काढेल शे, बाई,” ती म्हणाली. “कोन शे हाऊ?”